अण्णाच्या उंचीचा ओटा

"सुमन, तुझे अण्णा उठून नाही राहिले वं," वहिनी फोनवर एवढंच म्हणाली. सकाळची वेळ होती. मी खामल्याच्या घरी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. तिच्या आवाजात घाई नव्हती, रडणंही नव्हतं. जाग आली तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज येत नव्हता, असं तिने सांगितलं. गेली काही वर्षं तिची सकाळ चहाचा गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, ओट्यावर टेकल्याच्या आवाजाने होत असे. माझा भाऊ कोणतीही वस्तू हलकेच ठेवत नसे. पाया भरल्यासारखी बसवत असे, त्यामुळे तो गंज शेजारच्या घरालाही ऐकू जायचा. त्या दिवशी तो वाजला नाही. वहिनी पडल्या पडल्या वाट पाहत राहिली आणि मग तिने कूस बदलली, तर अण्णा शेजारीच होता... "मले वाटलं, झोपू द्यावं आज," ती म्हणाली. बराच वेळ तिने त्याला झोपू दिलं होतं.

मी प्रतापनगरला अण्णाच्या घरी पोचले तोवर गल्लीतले डॉक्टर येऊन गेले होते. मग नातेवाइकांना कळवायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्यात एक अडचण अशी निघाली की आमच्या नात्यात सगळ्यांना प्रतापनगरहून वाईट बातमी येणार हे ठाऊकच होतं. फक्त ती वहिनीची असणार होती. तिचं हृदय अनेक वर्षांपासून कुरकुरत होतं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात तिची फाइल इतकी जाड झाली होती की ती न्यायला वेगळी पिशवी लागे. अण्णाची कुठे फाइलच नव्हती. त्याला सर्दी क्वचित होई, आणि झालीच तर ती कुणा दुसऱ्याची असल्यासारखा तो तिच्याकडे दुर्लक्ष करी. मी फोनवर "प्रतापनगरला..." एवढं म्हणेपर्यंत पलीकडून "अरेरे, वहिनी गेल्या का" असा सूर लागायचा. मी दुरुस्ती करायची. मग शांतता. त्या शांततेत मला दुःखाच्या आधी गोंधळ ऐकू यायचा, कारण त्यांच्या मनात तयार असलेली वाक्यं एका माणसाच्या मापाने शिवलेली होती आणि ती आता ऐनवेळी दुसऱ्याला घालायची होती. उमरेडच्या एका चुलतबहिणीने तर अर्धवट ऐकून थेट प्रतापनगरच्या घरी फोन लावला आणि वहिनीच्या आत्म्याला शांती चिंतली. फोन वहिनीनेच उचलला होता. "नाही, मी हाये. ते गेले," ती म्हणाली, आणि पुढची पाच मिनिटं त्या बहिणीची समजूत काढत बसली.

माणूस गेल्यावर त्याच्यावर लिहिताना त्याला एकदम थोर करून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. अण्णा थोर नव्हता. सरकारी खात्यात कालव्यांचे नकाशे काढत तो निवृत्त झाला. निरोपसमारंभात साहेबांनी भाषणात त्याचं नाव चुकवलं, तर ते दुरुस्त करायचीही त्याला गरज वाटली नाही. मला त्याच्याबद्दल कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. अडुसष्ट वर्षांचा होईपर्यंत या माणसाने साधा चहा केलेला नव्हता. तो स्वयंपाकघराकडे ज्या नजरेने बघायचा त्या नजरेने आपण पोस्टाच्या आतल्या खोलीकडे बघतो. तिथे काहीतरी चाललेलं असतं आणि खिडकीतून आपल्या हाती येतं, एवढंच ठाऊक. त्या माणसाने स्वयंपाकघर शिकून घेतलं आणि मग ते पाडून नव्याने बांधलं. हे त्याने कसं केलं, याचा विचार मी गेले काही आठवडे करते आहे.

का केलं, हे मात्र सरळ आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर वहिनी घरी आली तेव्हा डॉक्टरांनी फार वेळ उभं राहायचं नाही असं बजावलं होतं. तिने त्यातून स्वतःपुरता अर्थ काढला आणि अण्णाला समोर बसवलं. मुलगा समीर पुण्याला. त्याच्याकडे अण्णा एकदा आठवडाभर राहिला होता, तेव्हा कुरिअरने आलेल्या आणि कोणी सोडवून न घेतलेल्या पार्सलसारखा तो सोफ्याच्या कडेला बसून असे. वहिनीला ते चित्र पुन्हा नको होतं. ती गेल्यावर त्याने डबा लावायचा नाही, पोराच्या दारात बसायचं नाही, आपल्या घरात आपल्या हातचं खायचं, असं तिने ठरवून टाकलं. अण्णाने यातल्या "ती गेल्यावर" या भागाकडे लक्ष न देता बाकीच्या भागाला होकार दिला.

पहिले काही दिवस त्याने काहीच केलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून तो नुसता बघत बसला. वहिनी थोडं करी, थोडं टेकून बसे. हा तिची ये-जा बघे. मग प्रश्न सुरू झाले. मीठ चवीनुसार म्हणजे कोणाच्या चवीनुसार. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या तर मग त्यात घड्याळ का नाही बसवलेलं. पोळीचा तवा दारामागे काहून, तो रोज लागतो ना. वहिनीला आधी राग यायचा आणि मग तिलाच गंमत वाटू लागली, कारण प्रत्येक वस्तूच्या जागेला कारण होतं, पण बहुतेक कारणं मरून गेलेली होती. साखर सर्वांत वरच्या फळीवर होती, कारण समीर लहानपणी ती मुठी भरून खायचा. समीर आता चाळिशीत आहे आणि बिनसाखरेचा चहा पितो. डाळीचे डबे पलंगाखाली होते, कारण कधीतरी एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली होती. ती भिंत दुरुस्त होऊन जमाना झाला. मी कॉलेजात इतिहास शिकवला. इतका शुद्ध इतिहास मला कुठल्या किल्ल्यावरही पाहायला मिळाला नाही. अण्णाने वहिनीच्या चालण्याचा नकाशा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढला, आणि बायको पोळ्यांसाठी जेवढी चालते तेवढं आपण सकाळी फिरायला जाऊनही चालत नाही, असं जाहीर केलं. "आता कळलं?" वहिनी म्हणाली.

मग आम्ही तिघं वर्धा रोडवरच्या मॉड्युलर किचनच्या एका दुकानात गेलो. गार हवा, मंद संगीत, आणि काचेच्या वाडग्यात मेणाची लिंबं. एक टायवाला तरुण आमच्या स्वागताला आला. त्याने कॉम्प्युटरवर आमचं होऊ घातलेलं स्वयंपाकघर दाखवलं. त्यात एक गोरं जोडपं हातात उंच ग्लास घेऊन एकमेकांकडे बघत उभं होतं. तेलाचा एक डाग नव्हता, आणि जेवणही दिसत नव्हतं. दारांच्या रंगाचं नाव शॅम्पेन होतं. वहिनीने त्यावर बोट फिरवलं आणि "पिवळट" म्हणाली. तरुणाने फॉर्म भरायला घेतला आणि अदबीने विचारलं, "सर, तुमची लाइफस्टाइल काय आहे?"

"वरण-भात," अण्णा म्हणाला.

त्याने ते खरंच टाइप केलं. मग अण्णाने त्या चित्रात गव्हाची कोठी कुठे आहे ते विचारलं. उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया आणि सरगुंडे वर्षभर कुठे राहतील. पाटा-वरवंटा कुठे बसेल. तरुण म्हणाला की हे सगळं तर आजकाल ऑनलाइन येतं, सर. "मंग स्वयंपाकघर काहून बांधता," वहिनीने त्याला अगदी आपुलकीने विचारलं. "नुसतं दार बांधा, डबा घ्यायले." आम्ही एक चकचकीत माहितीपत्रक घेऊन बाहेर आलो. पुढे वर्षभर ते वहिनीने पापड वाळवताना खाली अंथरायला वापरलं.

काम शेवटी शंकर मिस्त्रीकडे आलं. हा आमच्या भागातला जुना माणूस, गवंडीकाम आणि फर्निचर दोन्ही करून देणारा. आराखडा अण्णाचा. त्याने आयुष्यभर पाणी कुठून कुठे जातं एवढंच पाहिलं होतं, तेच त्याने धान्याला आणि भाजीला लावलं. बाजारातून आलेली वस्तू दाराशी उतरणार, मग धुण्याकडे, मग चिरण्याकडे, मग गॅसकडे आणि तिथून ताटात. मागे वळायचं नाही. मला ते फारच मोठं तत्त्वज्ञान वाटून घ्यायचा मोह झाला होता, पण मग त्यानेच सांगितलं की कालवा उलटा वाहू लागला तर साहेब मेमो देतात, तेव्हापासून ही सवय आहे.

भांडण झालं ते ओट्याच्या उंचीवरून. आमच्या घराण्यात उंची बाबांकडून आली. अण्णा सहा फुटांच्या वर होता आणि कोणत्याही दारातून आत जाताना, दार उंच असलं तरी, मान वाकवत असे. वहिनी त्याच्या शर्टाच्या खिशापर्यंत येते. जुना कडप्प्याचा ओटा तिच्या मापाचा होता, आणि अण्णाने नव्या नकाशातही तीच उंची ठेवली होती. भिंतीवर मिस्त्रीने खडूची रेघ मारली. मी तेव्हा तिथेच होते, कारण सामान हलवायला मदत लागली होती. वहिनी आतून आली, रेघेकडे बघितलं आणि मिस्त्रीला ती पुसायला सांगितली. मग तिने अण्णाला भिंतीशी उभं केलं, शाळेत मुलांची उंची मोजतात तसं. हात कोपरातून वाकवायला लावला, आणि त्याच्या कोपराखाली स्वतः रेघ ओढली. जुन्या रेघेपेक्षा चार इंच वर.

इथे वहिनीच्या माहेरचं सांगायला हवं. उमरेडला तिच्या वडिलांचा हातमाग होता, जमिनीत खड्डा करून बसवलेला. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो आणि पाय खाली सोडून पावड्या दाबतो. खड्डा विणणाऱ्याच्या पायाच्या लांबीचा लागतो. तो दुसऱ्याच्या मापाचा असला की कंबर जाते. तिचा मोठा भाऊ मागावर बसायला लागला त्या दिवशी वडिलांनी विणकाम बंद ठेवून आधी खड्डा खोल केला होता. हे तिने आम्हाला अनेकदा सांगितलं होतं, आणि त्या दिवशीही तिला दुसरा पुरावा लागला नाही.

"बाबांनी खड्डा भावाच्या पायाचा खणला, आपल्या नाही. जो बसन त्याचा," ती म्हणाली.

"मग तू काय करशील?" अण्णाने विचारलं.

"मी? मी फोटोत राहीन. फोटोले ओटा लागत नाही."

शंकर मिस्त्री हातातल्या थापीकडे बघत राहिला. अण्णा गच्चीवर गेला. तिथे पाणी घालण्यासारखं एकच तुळशीचं रोप होतं, पण तो बराच वेळ वर होता. खाली आला तेव्हा त्याने भिंतीकडे पाहिलं नाही. "मिस्त्री, बाई म्हणतात तसं करा," एवढंच म्हणाला. राजे आपली समाधी जिवंतपणीच बांधून ठेवत, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. बायकोने आपल्या मरणाच्या भरवशावर नवऱ्यासाठी ओटा बांधून घेतल्याचं उदाहरण मात्र मला माहीत नव्हतं. आता वाटतं, आम्हा सगळ्यांना त्या क्रमाची इतकी खात्री होती की तो आम्ही ग्रॅनाइटमध्ये बसवून टाकला. आधी वहिनी, मग अण्णा. कोणी विचारलं नाही की हा क्रम ठरवला कोणी.

स्वयंपाकघर मात्र देखणं झालं, हे मान्य करायला हवं. ओट्याखाली खोल ड्रॉवर, त्यात सगळे गंज उभे न रचता शेजारी शेजारी. गव्हाच्या कोठीला चाकं. तेलाच्या बाटल्यांना एक अरुंद कप्पा, जो ओढला की सगळ्या बाटल्या एका रांगेत बाहेर येतात. वाळवणाचं कपाट खिडकीजवळच्या कोरड्या भिंतीला. साखर खाली उतरून चहाशेजारी आली. दारं पोपटी, वहिनीच्या आवडीची. अण्णाने हौसेने एक गोष्ट जास्तीची केली. पाणी साचू नये म्हणून ग्रॅनाइटला सिंककडे डोळ्याला न दिसणारा उतार दिला. पाणी कुठे जाणार हे ठाऊक नसेल तर बांधू नये, हा त्याचा धर्म. पहिल्या दिवशी पोळी लाटून लाटणं बाजूला ठेवलं तर ते स्वतःहून निघालं आणि सिंकमध्ये जाऊन पडलं. वहिनी हसून हसून खुर्चीत मागे रेलली. डॉक्टरांनी एवढं हसायला परवानगी दिली आहे का, असं अण्णाने विचारलं.

लोक बघायला येऊ लागले. ज्यांची आमची भेट फक्त लग्नाच्या पंगतीत व्हायची तेही आले. ड्रॉवर ओढून बंद करायचे, पुन्हा ओढायचे. समोरच्या घरातल्या एका गृहस्थांनी गॅसचं तोंड पूर्वेला नाही हे ध्यानात आणून दिलं. "सूर्याले चहा द्यायचा असला की वळवून घेऊ," अण्णा त्यांना म्हणाला. बायका मात्र ओट्यापाशी उभ्या राहायच्या, हात वर उचलून बघायच्या आणि म्हणायच्या, उंच नाही का झाला. "बाईमाणसासाठी नाहीच तो," वहिनी दारातल्या खुर्चीतून सांगायची. ती खुर्ची आता तिची झाली होती. सूचना तिच्या, हात अण्णाचे.

तो शिकला, पण सावकाश. त्याच्या पोळ्यांचे आकार मी कधी वर्गातल्या नकाशांशी ताडून पाहिले नाहीत, तरी एकदोन संस्थानं ओळखू आली असती. त्याची परीक्षा ठरली होती पाटोडीच्या रश्श्याची. बेसनाची पाटोडी थापायची, वड्या पाडायच्या आणि त्या झणझणीत रश्श्यात न फुटता राहायला हव्यात. आमच्याकडे जेवणाऱ्याच्या नाकातून पाणी आलं नाही तर तो रस्सा धरत नाहीत. अनेक रविवार अण्णाच्या वड्या रश्श्यात विरघळून गेल्या आणि आम्ही ते पिठलं म्हणून खाल्लं.

दुसऱ्या वर्षी वहिनीने रंगीत तालीम घ्यायचं ठरवलं. ती पिशवी भरून माझ्याकडे खामल्याला आली आणि चार दिवस राहिली. अण्णाला बजावलेलं होतं, मी मेली असं समजा, एकट्यानं करा, फोन करायचा नाही. पहिल्या दिवशी ती माझ्या घरी निवांत टीव्ही बघत बसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा फोन वाजला. अण्णा दबक्या आवाजात विचारत होता, सुमन, वहिनी जवळ नाही ना, हिंग आधी की मोहरी आधी. वहिनीने माझ्या हातून फोन घेतला. "मेलेल्या बाईले विचारून नाही राहायचं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग जेवायला बसली. भात उरवला तिने. शेवटच्या दिवशी अण्णा डबा घेऊन आला. त्यात पाटोडी होती, प्रत्येक वडी अखंड. वहिनीने एक खाल्ली, नाक पुसलं आणि म्हणाली, आता जायले हरकत नाही. अण्णा म्हणाला, घरी ना, चल की. तिला जे म्हणायचं होतं ते त्याला कळलं नाही असं नाही... ऑटोत बसताना त्याने तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली होती.

आणि मग हे असं झालं. तेरावं झालं, पाहुणे गेले, शेजारून येणारे डबे थांबले. समीर अजून होता, मीही राहिले होते. त्या सकाळी वहिनी चहा करायला उठली. आम्ही कोणी तिला अडवलं नाही, आणि ती त्या ओट्यापाशी पहिल्यांदाच एकटी उभी राहिली. शेगडी तिच्या छातीपर्यंत येत होती. गंजात काय चाललंय ते बघायला टाचा उचलाव्या लागत होत्या. वरची फळी, हुक, चहाचा डबा, सगळं अण्णाच्या डोळ्यांच्या रेषेत. दूध उतू गेलं, कारण ते वर येताना तिला दिसलंच नाही. तिने फडकं घेतलं आणि हात पोचला तेवढा ग्रॅनाइट पुसला. उरलेलं दूध उताराने आपलं आपण सिंककडे गेलं.

समीर वाईट मुलगा नाही. त्याने ते पाहिलं आणि त्याला जे सुचायला हवं तेच सुचलं. आई, पुण्याला चल. आणि नसेल यायचं तर हा ओटा खाली करून घेऊ. पुण्याचं तिने ऐकूनच घेतलं नाही, म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी शंकर मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री आला, अण्णाच्या फोटोला नमस्कार केला, टेप काढला. ग्रॅनाइट निघताना तडकेल, ड्रॉवर सगळे कापावे लागतील, पण होईल, असं तो म्हणाला. मला ते योग्यच वाटलं. जो बसणार त्याचा खड्डा, हे तर तिच्याच माहेरचं.

वहिनी खुर्चीत बसून ऐकत होती. मिस्त्री पेन्सिलीने खूण करायला वाकला तेव्हा ती बोलली.

"थांबा गा, भाऊ. या उंचीसाठी मी यांच्याशी भांडली होती. उभ्या जन्मात तेवढं एक भांडण जिंकली मी. ते तोडू काहून?"

"आई, मग तू करशील कसं?" समीरने विचारलं.

"बसून. डॉक्टरनं उभं राहू नको म्हटलं, बसू नको कुठं म्हटलं?"

कशावर बसून, हे तिलाही तेव्हा माहीत नव्हतं. ते शोधायला आम्ही दोघी सीताबर्डीला गेलो. फर्निचरच्या एका दुकानात उंच, पाठ असलेली, पाय ठेवायला खाली कडं असलेली स्टुलं होती. ज्या ठिकाणी अशी स्टुलं असतात तिथे वहिनी आयुष्यात गेलेली नाही. तिने एकेकावर चढून बसून पाहिलं, कोपर वाकवून समोरच्या टेबलाशी माप घेतलं, उतरली, दुसऱ्यावर चढली. दुकानदार बराच वेळ बघत होता. "काकू, घरी बार बनवून राहिले का?" त्याने विचारलं.

"हो. चहाचा."

आता ती त्या स्टुलावर बसून पोळ्या लाटते. सुती लुगड्यातली बाई, पाय कड्यावर टेकवलेले, पाठ ताठ. तो चार इंच जास्तीचा ओटा बसलेल्या वहिनीच्या कोपराखाली बरोबर येतो. पुण्याचा विषय बंद झाला आहे. समीर रोज सकाळी व्हिडिओ कॉल करतो आणि आई जिवंत आहे का याऐवजी चहा झाला का एवढंच विचारतो, हे मला आवडलं. सगळंच सुटलं असं नाही. मागच्या शेगडीवर तिचा हात पोचत नाही. वरच्या फळीवरचं काढायला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती कामाला लावते, गॅस सिलिंडरवाल्यालासुद्धा. आठवड्यातून दोनदा मी जाते.

मागच्या खेपेला तिने मला वरण फोडणीला टाकायला सांगितलं आणि स्वतः दारातल्या खुर्चीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसली. मी तेल तापवलं, मोहरी टाकली. उभी राहिले होते आणि काहीतरी वेगळं वाटत होतं, पण काय ते कळेना. मग लक्षात आलं, माझी कंबर दुखत नव्हती. बाबांची उंची अण्णाला आली तशी मलाही आली. बाईच्या उंचीचा विचार लग्न ठरवताना होतो, ओटा बांधताना नाही. सासरी, मग भाड्याच्या घरांत, मग स्वतःच्या फ्लॅटमध्ये, मी सगळे स्वयंपाक वाकून केले, आणि ते असंच असतं असं समजून चालले. इथे मी सरळ उभी होते. खांदे खाली, मान मोकळी, गंजात वरून दिसत होतं. किती साधी गोष्ट, आणि ती मला साठी उलटल्यावर, भावाच्या ओट्यावर कळावी... मोहरी तडतडली. मी हिंग टाकलं.

"अहो, गॅस बारीक करा, जळन ते," मागून वहिनी म्हणाली.

सांबाराच्या काड्या मोडायचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं नाही. गॅस बारीक केला.

"एवढा?" मी विचारलं.

मागे काड्या पुन्हा मोडू लागल्या.

"आणखी थोडा," ती म्हणाली.